दुपारची रेघ

"पेन परत हरवलं," परुळेकर सर फोनवर म्हणाले.

"हातात आहे ना तुमच्या?"

"हातात आहे गो. पण लॅपटॉप त्याला ओळख दाखवत नाही."

सकाळचे सव्वानऊ झाले होते आणि सरांचा असा फोन येण्याचा हा सलग पाचवा दिवस होता. मी डब्याची पिशवी स्कूटरला अडकवली आणि ऑफिसला जायच्या ऐवजी सालईवाड्याकडे वळले.

ही अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट, सावंतवाडीतली. मी सव्वीस वर्षांची होते. जिल्ह्यातल्या रानभाज्यांची माहिती गोळा करणाऱ्या एका लहानशा संस्थेत कॉम्प्युटरचं सगळं काम माझ्याकडे होतं. संस्था वनस्पतिशास्त्राच्या वालावलकर मॅडमची. त्यांना चाळीस रानभाज्यांचं एक पुस्तक काढायचं होतं. प्रत्येक भाजीला एक पानभर चित्र: पान, फूल, फळ, देठावरची लव, सगळं वेगवेगळं दाखवलेलं. फोटोत एवढं येत नाही, असं मॅडमचं म्हणणं. चित्रं काढायला परुळेकर सर तयार झाले. त्यांनी गावातल्या शाळेत तीस वर्षं चित्रकला शिकवली होती. मलाही पाचवी ते आठवी तेच होते. आता ते सत्तरीला आले होते आणि दोन वर्षांपासून त्यांना कंपवात होता.

शाईने कागदावर काढताना हात हलला की सगळं पान वाया जाई. म्हणून मीच सुचवलं, की लॅपटॉपच्या पडद्यावर पेनाने काढा, चुकलेलं पुसता येतं. संस्थेचा एक टच स्क्रीनचा लॅपटॉप होता. त्यावर मी विंडोजच्या जोडीला लिनक्स ही दुसरी सिस्टिम घातली होती, कारण चित्रांचा चांगला प्रोग्रॅम त्यावर फुकट मिळत होता, आणि खरं सांगायचं तर त्या वयात मला लिनक्सचा जरा गर्वही होता. छापखान्याच्या फॉन्टसाठी लागेल म्हणून विंडोज तसंच एका कोपऱ्यात ठेवलेलं; चित्रांचा फोल्डर दोन्हीकडून उघडे. लॅपटॉप चालू केला की तो पाच सेकंद विचारी, कुठे जायचं? कुणी काही दाबलं नाही की आपला लिनक्समध्ये शिरे.

पेन ब्लूटूथचं होतं. त्याचं टोक पडद्यावर एरवीही चाले, पण हाताने किती दाब दिला ते लॅपटॉपला ब्लूटूथवरून कळायचं. जोडणी असली की रेघ जाड-बारीक होत जायची. नसली की सगळीकडे सारखी, तारेसारखी. सर तिला मेलेली रेघ म्हणत.

मी पोचले तेव्हा शालनकाकींनी दार उघडलं. सरांच्या पत्नी. पोस्टातून निवृत्त झालेल्या. लहानपणी मी मामाला राखी पाठवायची तेव्हा पाकिटावर शिक्का काकीच मारायच्या.

"ये गो. घावणे टाकलेत. आधी खा."

"आधी पेन बघते काकी."

"पेन कुठे पळतंय? बाहेर उन्हातून आलीस."

सर खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. उजवा हात मांडीवर, त्यावर डावा ठेवलेला. नऊ वाजता गोळी घेतली की पावणेदहाच्या सुमाराला त्यांचा हात शांत होई आणि बारापर्यंत शांत राही. दिवसाचे कामाचे तास एवढेच. त्यातला अर्धा तास रोज माझ्या खटपटीत जात होता.

मी नेहमीचं सगळं केलं. यादीतून पेन काढून टाकलं. पेनाच्या मागचं बटण निळा दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरलं. पुन्हा शोधायला लावलं. सापडलं. पुन्हा जोडलं. "याच्यावर विश्वास ठेवायचा का?" असं लॅपटॉपने विचारलं, त्याला हो म्हटलं. रेघ मारून बघितली. जाड, बारीक, जाड.

"झालं," मी म्हटलं.

"उद्या परत हरवेल," सर शांतपणे म्हणाले. त्यांना त्याचं फारसं वाईट वाटल्यासारखं दिसलं नाही. मला मात्र लाज वाटत होती. चार दिवसांत मी पेनातला सेल बदलला होता, वीज वाचवण्याच्या सगळ्या सोयी बंद केल्या होत्या, लिनक्सची आवृत्ती एक पायरी मागे नेली होती. लिनक्सवाल्यांच्या फोरमवर प्रश्न टाकला होता. तिथे कुणीतरी विचारलं, 'त्याच लॅपटॉपवर दुसरी सिस्टिम पण आहे का? तिच्यात पेन जोडता का?' मी लिहिलं, 'आहे, पण ती कुणी उघडत नाही.' त्यावर त्या माणसाचं उत्तर आलं नाही.

या सगळ्याची घाई वेगळ्याच कारणासाठी होती. आधीच्या शनिवारी वालावलकर मॅडमनी पहिली दहा चित्रं परत पाठवली होती. मला खोलीत बोलावून त्यांनी टाकळ्याचं पान पडद्यावर मोठं करून दाखवलं.

"कड बघ. टाकळ्याचं पान गुळगुळीत कडेचं असतं. इथे दातेरी दिसतंय."

"सरांचा हात जरा..."

"मला माहीत आहे. मला वाईट वाटतंय. पण हे पुस्तक बघून माणसं रानातून भाजी आणणार. कड चुकली म्हणून कुणी भलतंच पान शिजवलं तर?" त्यांनी पडद्यावरचं चित्र बंद केलं. "पुढची पाच चित्रं बघू. अशीच असली तर फोटो घालू. सरांना मीच सांगेन, तू नको सांगूस."

त्यांनी फोनवर अगदी आदराने सांगितलं. सर "बरोबर आहे तुमचं" एवढंच म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सोमवारपासून पेन हरवायला लागलं.

घावण्यांची ताटली घेऊन काकी आल्या तेव्हा सर मला म्हणाले, "तुझं घड्याळही बिघडलंय हो. बघ."

पडद्याच्या कोपऱ्यात दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं दिसत होती. भिंतीवरच्या घड्याळात नऊ चाळीस.

"नेट बंद आहे का?"

"सकाळपासून बंदच आहे," काकी म्हणाल्या. "आणि खोबरं घे त्यावर."

मी घावणा तोंडात घातला आणि हिशेब केला. साडेपाच तास. बरोबर साडेपाच. ना कमी, ना जास्त.

घास तोंडात तसाच राहिला. लिनक्स आणि विंडोज एकाच लॅपटॉपवर नांदत असले की त्यांची घड्याळाची रीत वेगळी असते. एक आतलं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर ठेवतं, दुसरं भारताच्या. विंडोज उघडून बंद केलं की पुढच्या वेळी लिनक्स साडेपाच तास पुढे धावतं आणि नेट मिळालं की गुपचूप स्वतःला सुधारून घेतं. रोज नेट चालू असायचं, म्हणून मला हे कधी दिसलंच नव्हतं. पण याचा अर्थ एकच होता. काल सकाळनंतर कुणीतरी विंडोज उघडलं होतं. आणि उघडून पेन तिकडे जोडलं होतं, कारण असल्या पेनाला एकाच ओळखीची खूण लक्षात राहते. नव्याने जोडलं की जुनी खूण ते विसरतं. दोन्ही सिस्टिम एकाच लॅपटॉपच्या असल्या तरी पेनाच्या लेखी तो एकच माणूस, जो रोज वेगळी खूण सांगतो.

"सर, तुम्ही दुपारी बसता का यावर?"

"दुपारी? बारानंतर माझा हात बघितलायस ना? जेवतो आणि चारपर्यंत झोपतो. का?"

"सहज."

काकी ताटली घेऊन आत गेल्या होत्या.

ऑफिसात येऊन मी फाइली काढल्या. सरांच्या घरून रोज सव्वाबाराला सगळ्या चित्रांची एक प्रत आपोआप ऑफिसात येईल अशी सोय मी करून ठेवली होती. काल दुपारी आलेलं फोडशीचं चित्र उघडलं. रेघ थरथरत होती. पातीची कड मुंग्यांची रांग चालल्यासारखी. मग आज सकाळी पेनड्राइव्हवर घेतलेलं तेच चित्र शेजारी लावलं. रेघ सलग होती. मुळाशी जाड, टोकाकडे केसासारखी निघून गेलेली. फाइलवर वेळ होती काल दुपारी दोन वाजून पंचवीस मिनिटं.

आदले दिवस तपासले. रविवारपासून रोज तसंच, फक्त मंगळवार सोडून.

दुसऱ्या दिवशी मी अडीचला सालईवाड्यात गेले. पुढचं दार नुसतं लोटलेलं होतं. आतून सरांचं घोरणं ऐकू येत होतं. मी चपला काढून पाऊल न वाजवता मधल्या खोलीत गेले.

लॅपटॉप टेबलावर नव्हता. जमिनीवर पाट ठेवून त्यावर तो आडवा उघडला होता आणि त्याच्यासमोर काकी बसल्या होत्या, एक गुडघा वर, चष्मा नाकाच्या टोकाला. उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने खालून धरलेलं. करंगळी पडद्यावर टेकवलेली आणि तिला धोतराची चिंधी गुंडाळलेली, म्हणजे पडद्याला तिचा स्पर्श लागू नये. पेन हलत होतं, हात हलत नव्हता. एका श्वासात त्यांनी देठापासून टोकापर्यंत रेघ नेली आणि मग श्वास सोडला.

"दार लाव," मान वर न करता त्या म्हणाल्या. "झोप मोडेल त्यांची."

मी दार लावलं आणि शेजारी खाली बसले.

"मला वाटलंच होतं, तू येशील," त्या म्हणाल्या. "काल घावणा खाताना तुझा चेहरा बघितला. पोस्टात चुकीचा पत्ता लिहिलेलं माणूस असंच बघतं."

"काकी, हे तुम्ही कुठे शिकलात?"

"हे विंडोज? पोस्टात शेवटची दहा वर्षं हेच तर वापरलं."

"विंडोज नाही. रेघ."

त्यांनी पेन पाटावर ठेवलं. "मी चितार आळीतली. चितारी. तुला ठाऊक नाही? आमच्या घरी लाकडी फळं रंगवत. आठव्या वर्षापासून मी वांगी रंगवायची. वांग्यावरची चकाकी एका हातात मारायची असते. बाबा म्हणायचे, दुसऱ्यांदा हात फिरवला की वांगं नासतं."

"मग नंतर सोडलं का?"

"लग्न झालं. पोस्टात लागले." एवढंच सांगून त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. "मी माझं काही काढत नाही हां. रेघ त्यांचीच आहे. फक्त जिथे सुटली तिथे सरळ करते. मॅडमचा फोन आला ना, त्या दिवशी ते जेवले नाहीत. माशांचं कालवण होतं तरी जेवले नाहीत. म्हणाले, पोट ठीक नाही. चाळीस वर्षांत बांगड्याला नाही म्हणालेलं मी ऐकलं नव्हतं."

"सरांना माहीत आहे?"

"नाही. आणि तू सांगायचं नाहीस."

"सकाळी उघडल्यावर त्यांना कळत नाही?"

"त्यांचे डोळे अधू झालेत आता. आणि आपलं काम माणसाला चांगलंच दिसतं."

मग मी त्यांना पेनाचं सांगितलं. सांगायला नको होतं असं वाटलं, पण सांगितलं. की दुपारी इकडे जोडलं म्हणून सकाळी तिकडे तुटतं. रोज. काकी ऐकत होत्या. त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे त्यांचा सकाळचा अर्धा तास माझ्यामुळे जातो?"

"तुमच्यामुळे असं नाही..."

"गोळीचे दोन तास मिळतात माणसाला. त्यातला अर्धा मी खाते." त्यांनी करंगळीची चिंधी सोडायला घेतली. "मला वाटलं सेलचं काहीतरी असेल. बंद करते मी हे."

"थांबा," मी म्हटलं. "बंद करू नका. एक दिवस द्या मला."

लिनक्सवर त्यांना वेगळं नाव देणं सोपं होतं, पण सकाळी लॅपटॉप उघडताना ते नाव सरांना दिसलं असतं. सरांचा पासवर्ड मागायचा तर कारण सांगावं लागलं असतं. मग एकच रस्ता उरत होता. पेन विंडोजला जी खूण सांगतं, तीच खूण शोधून लिनक्सच्या फाइलीत हाताने लिहायची. मग कुणीही बोलावलं तरी पेनाला तोच आवाज ऐकू येणार. फोरमवरच्या त्या माणसाला मी कबुली दिली, 'तुमचं बरोबर होतं, दुसरी सिस्टिम कुणीतरी उघडतं.' त्याने एक हसरा चेहरा टाकून ते कसं करायचं ते लिहून पाठवलं. दुसऱ्या दुपारी सर झोपलेले असताना मी आणि काकी पाटाशी बसलो. बत्तीस अक्षर-आकड्यांची ती खूण काकींनी पोस्टातल्या तारेसारखी मला हळू आवाजात वाचून दाखवली आणि मी लिहून घेतली. एक अक्षर चुकलं होतं. ते त्यांनीच पकडलं.

त्यानंतरच्या सकाळी सरांचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्या सकाळीही नाही. मी ऑफिसात सगळ्यांना चहा दिला. कशाबद्दल ते कुणाला सांगितलं नाही.

तिसऱ्या सकाळी फोन वाजला.

"हर्षदा, जरा येऊन जा."

"परत हरवलं?"

"नाही. तेच तर. ये."

काकी बाजारात गेल्या होत्या. सरांनी मला समोर बसवलं. दहा वाजून गेले होते, त्यांचा हात शांत होता, तरी लॅपटॉप बंद होता.

"काय केलंस पेनाला?"

"सर, ते ब्लूटूथचं एक सेटिंग होतं. म्हणजे दोन ठिकाणी जी नोंद असते ना, ती जुळत नव्हती..."

"हर्षदा, मी तीस वर्षं मुलांची चित्रं तपासली. घरून आईने काढून दिलेलं चित्र कुठलं, ते मला पहिल्या रेघेला कळायचं. तुझी सातवीतली ग्रहणाची आकृती तुझ्या दादाने काढली होती."

मी खाली बघितलं. खरं होतं.

"कधी कळलं तुम्हाला?"

"दुसऱ्या दिवशी. माझी रेघ मला ओळखू येत नाही होय? आणि तिची रेघ मी विसरेन?" त्यांनी बोटांनी टेबलावर हलकेच एक वळण काढलं. "मग लक्षात आलं, की ती बसली की पेन हरवतं. गेल्या आठवड्यात मंगळवारी ती बहिणीकडे गेली होती, बुधवारी पेन जागेवर. म्हणून सकाळी उठलो की मी आधी तेच बघायचो. पेन हरवलेलं असलं की मला बरं वाटायचं."

"पण त्या बुधवारी तुम्ही फोन केला होता."

"केला होता. पेन जागेवर होतं, तरी हरवलं असंच म्हटलं. तुला वाईट वाटलं असतं, रोजचं काम गेलं म्हणून." ते हसले. मग हसू गेलं. "तिला सांगू नकोस मला कळलंय ते."

"का पण सर? दोघांनी मिळून बसलात तर..."

सर खिडकीकडे वळले.

"लग्नाला वर्ष झालं होतं," ते म्हणाले. "मी मुंबईहून चित्रकला शिकून आलेलो. डोक्यात वारं शिरलेलं. हिने जास्वंदीचं एक चित्र काढलं. माहेरच्या रंगांनी. संध्याकाळी मी शाळेतून आलो तर दाखवायला घेऊन आली. हात अजून रंगाचे होते तिचे. मी बघितलं आणि म्हटलं, छान आहे, पण हे खेळण्यांवरचं काम झालं. चित्र वेगळं असतं."

"काय म्हणाल्या काकी?"

"काही नाही. ब्रश धुतले. फडक्याने पुसले. फडताळात ठेवले. पुढच्या वर्षी पोस्टाची परीक्षा दिली." त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, वर्गात बोलायचे तसा. "आणि मी तीस वर्षं पोरांना सांगत राहिलो, की कुणाच्या चित्राला कधी नावं ठेवू नका. घरी येऊन तिला मात्र एकदाही म्हणालो नाही, की मी चुकलो. जमलं नाही. आज म्हटलं, तर ती परत पेन धुऊन ठेवेल. ती तशी आहे."

त्यांनी बंद लॅपटॉपवर हात ठेवला.

"आता मी मुद्दाम थोडं ठेवतो तिच्यासाठी," सर म्हणाले. "परवा भारंगीची फुलं काढलीच नाहीत. नुसते चार ठिपके दिले. काल सकाळी बघितलं तर सबंध तुरा फुललेला."

काकींनी मला सांगितलं होतं, मी माझं काही काढत नाही. ते मी सरांना सांगितलं नाही. सरांचं काकींना सांगितलं नाही. पुढचा दीड महिना मी त्या घरात दोन गुपितं घेऊन जात-येत होते. सकाळी सर विचारत, "काल काय म्हणाली?" दुपारी काकी विचारत, "काही संशय आला का गो त्यांना?" आणि दोघंही मला खायला घालत. त्या दीड महिन्यात माझं वजन तीन किलो वाढलं.

वालावलकर मॅडम नव्या पाच चित्रांवरच खूश झाल्या होत्या. चाळिसावं आलं तेव्हा त्यांनी सगळी टेबलावर मांडली आणि चष्मा कपाळावर ठेवून फिरत राहिल्या. "सरांनी नवीन गोळी सुरू केली का?" एवढंच त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "तसंच काहीतरी."

पुस्तकाचं प्रूफ हातात आलं तेव्हा आतल्या पानावर मी लावलेली ओळ होती: 'चित्रे : यशवंत परुळेकर'. ती लावताना मला बरं वाटलं नव्हतं. रविवारी सकाळी मी प्रूफ घेऊन सालईवाड्यात गेले. सर आणि काकी दोघंही बाहेरच्या खोलीत होते. काकी ओल्या काजूंची सालं काढत होत्या.

सरांनी पान उघडलं, ओळ वाचली आणि मला म्हणाले, "लाल पेन दे."

साधं बॉलपेन होतं. गोळीला अजून वेळ होता, त्यामुळे त्यांचा हात जोरात हलत होता. त्यांनी मनगट दुसऱ्या हाताने धरलं आणि आपल्या नावाच्या खाली एकेक अक्षर लिहायला लागले. 'शा'ला बराच वेळ लागला. काकींचे हात थांबले. मी उठून आत जायला निघाले तर सर म्हणाले, "बस."

'शालन परुळेकर' असं लिहून झाल्यावर त्यांनी पान काकींकडे केलं.

काकींनी ते वाचलं. मग माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मी सांगितलं नाही अशा अर्थी.

"कधी कळलं?" त्यांनी सरांना विचारलं.

"पहिल्याच आठवड्यात."

"आणि बोलला नाहीत."

"नाही." सरांनी बॉलपेन खाली ठेवलं. "त्या जास्वंदीच्या वेळी मी जे म्हटलं ना, ते चूक होतं. ते चित्रच होतं, शालन."

काकींनी हातातला सोललेला काजू खाली ठेवला.

"त्यात देठ चुकला होता," काकी म्हणाल्या.

"काय?"

"जास्वंदीचा देठ. फूल एवढं मोठं आणि देठ नाजूक काढला होता मी. खाली झुकायला हवा होता, तो ताठ होता. मला वाटलं होतं, तुम्ही ते सांगाल. तुम्ही चित्रकला शिकून आलेले. देठ तुम्हाला दिसलाच नाही. भलतंच काहीतरी बोललात." त्यांनी पदराला हात पुसले. "दुसऱ्या दिवशी मी तो सुधारणार होते."

"मग सुधारला का नाहीस?"

"राग आला होता."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते पुसायला हात वर न्यायचा तर हात हलत होता, म्हणून त्यांनी ते तसंच राहू दिलं. काकींनी ते बघितलं आणि प्रूफ ओढून स्वतःच्या मांडीवर घेतलं.

"प्रत्येक पानाखाली नावं छापणार का गो?" त्यांनी मला विचारलं.

"छापू शकतो."

"मग नीट छापा. उगाच मोघम नको." पोस्टाच्या खिडकीमागे बसल्यासारख्या त्या एकेक पान उलटत गेल्या. "टाकळा, दोघांचं. फोडशी, दोघांचं. भारंगी..." त्या थांबल्या आणि सरांकडे तिरकं बघितलं. "भारंगीची फुलं तुम्ही मुद्दाम सोडली होतीत."

"हो."

"वाटलंच मला. एवढा आळशी माणूस नाही हा." पुन्हा पानं उलटली. कुर्डू, दिंडा, शेवळं. मग एका पानावर त्यांनी बोट ठेवलं. फागलां, म्हणजे कर्टोली. वेल, एक पान, आणि मध्ये एक अख्खं फळ, मऊ काट्यांनी भरलेलं.

"इथे माझं नाव नको."

सर पुढे झुकले. "का?"

"याला मी हात लावलेला नाही."

"मग मॅडमनी ते कसं घेतलं? माझा हात तर त्या दिवशी..."

"दोन दुपारी मी हे उघडून बसले," काकी म्हणाल्या. "दोन्ही दुपारी तसंच बंद केलं. बघा ना. एक काटा दुसऱ्यासारखा नाही. मी काढले असते तर सगळे एका मापाचे आले असते."

सरांनी पान हातात घेऊन डोळ्यांजवळ नेलं. कागद त्यांच्या हातात फडफडायला लागला. काकींनी दुसऱ्या बाजूने तो धरला, तेव्हा तो स्थिर झाला, आणि ते दोघं ते पान बघत बसले. मी लाल पेन घेऊन माझ्या वहीत लिहिलं: कर्टोली, एकच नाव.